सदर दरवाजा कायमचा बंद करण्यात यावा

ॲडमिशनचा हंगाम आला की मला आधी बाप दिसतात, मुलं नंतर. बाप पुढे चालत असतो. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून घातलेली फाइल, फाइलीत दाखले, दाखल्यांच्या झेरॉक्स आणि न जाणो लागली तर म्हणून झेरॉक्सच्याही झेरॉक्स. शर्ट धुवट, घडीच्या रेघा अजून मोडलेल्या नाहीत. पहाटेची एसटी पकडून आलेल्या माणसाच्या डोळ्यांत एक कोरडी जाग असते, ती डोळ्यांत. मागून मुलगा नाहीतर मुलगी, मोबाइलमध्ये मान घालून, हा पुढचा माणूस आपल्या ओळखीचाच नाही असा चेहरा करून. आमच्या दुकानाशी आल्यावर बाप थांबतो. कॉलेजचं गेट समोरच असतं, त्यावर हातभर अक्षरांत नाव लिहिलेलं असतं, तरी तो विचारतो, “मावशी, कॉलेज हेच ना?” मी म्हणते, “हेच. पाणी पिऊन जा.” एवढ्या वर्षांत या प्रश्नाला मी कधी हसले नाही. पोराला कुठं सोडून चाललोय याची खात्री माणूस पाटीकडून करून घेत नाही, माणसाकडून करून घेतो.

यंदा आषाढ निम्मा सरला तरी आमच्या गल्लीत एकही बाप आलेला नाही.

आमची गल्ली चाकणच्या जुन्या बाजारपेठेतली. पाऊस तोच आहे, चिखल तोच आहे, पोह्यांवर पिळलेल्या लिंबाचा वासही तोच आहे, पण पोहे खाणारं कुणी नाही. रूपालीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, निळ्या ड्रिलचा तागा आठ दिवसांपूर्वी टेबलावर उलगडून ठेवला. खडू हातात घेते, कापडाच्या काठाला एक रेघ ओढते आणि तळहातानं पुसून टाकते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्कशॉपसाठी निळा ॲप्रन लागतो आणि तो आम्ही शिवतो. हे काम मुलं यायच्या आधी सुरू करावं लागतं. ॲडमिशन झाली की चार दिवसांत ॲप्रन हवा असतो, तेव्हा एकेकाची मापं घेत बसलं तर संपलंच. म्हणून लहान, मधलं आणि दांडगं अशा तीन मापांत आधीच कापायचं, खांदे जोडून ठेवायचे आणि बाजू उघड्या सोडायच्या. पोरगं आलं की अंगावर चढवायचं, टाचण्या मारायच्या आणि त्याच्या बापाचा चहा पिऊन व्हायच्या आत बाजू शिवून हातात द्यायचं. मात्र एकदा कात्री चालवली की त्या कापडाचं दुसरं काही होत नाही. तीन मापांत फाडलेल्या त्या जाड निळ्या कापडाचा ना परकर होतो ना पडदा.

“आई, कापू का?” रूपाली रोज सकाळी विचारते.

“थांब दोन दिवस,” मी म्हणते.

दोन दिवस थांब असं सांगणारी ही बाई कोण, असं माझं मलाच वाटतं. मी बत्तीस वर्षांची होते तेव्हा थांबणं हा प्रकार मला माहीत नव्हता. ती बत्तीस वर्षांची मी अलीकडे फार आठवते. आठवते म्हणजे काय, समोर दिसली तर दोन लगावीन, इतकी आठवते.

परभणीकडून लग्न होऊन मी इथं आले तेव्हा या गल्लीला एकच वास होता, कांद्याचा. आमचे हे कांद्याच्या बाजारात मापाडी होते. गल्लीत दोन्ही बाजूंना वखारी, बैलगाड्या, गोणपाटाचे ढीग, पायाखाली पापुद्रे. पावसाळ्यात साठवणीतला कांदा सडायला लागला की जेवणाच्या ताटातली आमटीसुद्धा तसलाच गोडूस वास सोडायची. पुढे बाजार गावाबाहेर मोठ्या जागेत गेला आणि समोरची वखार रिकामी झाली. एक दिवस तिला चुना दिला, लाकडी दार काढून लोखंडी गेट बसवलं, बाक आणले आणि कॉलेज सुरू झालं. चुना तीनदा दिला. पण ढगाळ हवा पडली की भिंतींतून कांदा यायचाच. मुलांच्या वह्यांना यायचा, नकाशांच्या त्या भल्यामोठ्या कागदांना यायचा. इंजिनियर होऊन कुठल्या कुठे गेलेल्या त्या पोरांनी म्हातारपणी आपली जुनी वही उघडली तर त्यांना आमची गल्ली आठवेल, एवढं नक्की.

कॉलेजच्या पहिल्याच पावसाळ्यातलं माझं शहाणपण आता सांगून टाकते.

मी नवी जांभळी साडी नेसून भाजी आणायला निघाले होते. गेटाशी पाचसात पोरं उभी. मी समोरून गेले आणि शिट्टी वाजली. एक नाही, लागोपाठ दोन. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. खरं सांगायचं तर त्यात निम्मा राग होता आणि उरलेलं निम्मं काय होतं ते मी आता सत्तरीत कबूल करते. बरं वाटलं होतं. दोन मुलांची आई, हाताला मशीनच्या तेलाचा वास, आणि कुणीतरी शिट्टी मारावी! घरी येऊन आरशात बघितलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली, आणि ती लाज रागाहून मोठी होती, म्हणून मी कॉलेजला अर्ज लिहायला बसले.

पुढे काही महिन्यांनी कळलं की ती शिट्टी माझ्यासाठी नव्हतीच. गेटाशेजारी बबनरावांची चहाची टपरी होती, अजून आहे. एक शिट्टी म्हणजे एक कटिंग, दोन शिट्ट्या म्हणजे दोन. मी मधून चालले होते, एवढाच माझा संबंध. पण हे कळायच्या आत अर्ज जाऊन बसला होता.

काय लिहिला होता मी तो अर्ज! सातवी पास होते आणि अक्षर चांगलं असल्याचा गर्व होता. ‘सदर दरवाज्यातून उनाड तरुणांचे लोंढे बाहेर पडत असून परिसरातील माताभगिनींना घराबाहेर पाऊल टाकणे अशक्य झाले आहे.’ लोंढे म्हणजे एकूण पोरं चाळीस. त्यांतली निम्मी मला बघून सायकलवरून उतरायची. ‘तरी सदर दरवाजा कायमचा बंद करण्यात यावा.’ आधी नुसतं ‘बंद करण्यात यावा’ लिहिलं होतं. वाचून बघितलं तर वजन पडेना, म्हणून वर बारीक अक्षरात ‘कायमचा’ घातलं. खाली सही केली. त्या काळी माझ्या सहीला शेपूट होतं. नाव झालं की पेन न उचलता डावीकडे वळून, तीन वेटोळी घेऊन खाली एक झोकदार रेघ. बँकेत खातं नव्हतं, पण सही बँकेच्या मॅनेजरला लाजवील अशी.

एकटीच्या सहीनं भागणार नव्हतं. श्रावणात शुक्रवारी मी जिवतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका बोलावल्या. दूध-फुटाणे वाटता वाटता कागद पुढे केला. ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी सह्या केल्या, बाकीच्यांनी अंगठे दिले. बबनरावांच्या आईनं अंगठा टेकवता टेकवता विचारलं, “सुमन, रॉकेल मिळंल ना गं ह्यानं?” मी म्हटलं, “मिळेल मिळेल.” पाठीमागे अजून चौघी उभ्या होत्या, कुणाकुणाला समजावून सांगणार?

अर्जाला उत्तर आलं नाही. पाऊस मात्र आला, असा की वखारीचे पत्रे गळायला लागले आणि पोरं नकाशांचे कागद छातीशी धरून आमच्या वळचणीला धावत आली. ज्यांना मी लोंढा म्हटलं होतं ते माझ्या ओट्यावर कागदांवर फुंकर घालत बसले होते. त्या वेळी कॉलेजात दोनच मुली होत्या. त्यांतल्या एकीनं आत डोकावून बघितलं. “मावशी, मशीन आहे तुमच्याकडे! ॲप्रन शिवाल का आमचे? पुण्याला जावं लागतं हो.”

अर्ज जाऊन तीन आठवडे झाले होते. मी म्हटलं, “शिवीन की.”

आणि शिवले. कसे शिवले? लांब बाह्यांचे, मनगटाला कफ, कफाला दोन दोन बटणं, खिशाला झालर घालायची तेवढी बाकी ठेवली होती. पोरांना मिरवता आलं पाहिजे असा माझा विचार. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपचे मास्तर सगळा गठ्ठा काखेत मारून आले. “बाई, ही बाही लेथमध्ये गुंडाळली तर पोराचा हात परत देणार का तुम्ही?”

“अहो, पण कफ आहे ना, घट्ट बसतो,” मी म्हटलं. वर असंही म्हटलं, “हल्ली हीच फॅशन आहे.”

त्यांनी माझ्याच टेबलावरची कात्री उचलली आणि एका ॲप्रनची बाही कोपराच्या वर कच्चकन कापली. तो तुकडा टेबलावर पडला. कफ, बटणं, सगळं त्यात होतं. एका हाताएवढं कापड होतं ते. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानंतर मी जन्मात लांब बाहीचा ॲप्रन शिवला नाही, आणि गप्पही बसायला शिकले. फार नाही, थोडंसं.

अर्ज मागे घ्यायचा असतो हे मात्र मला सुचलं नाही. मी विसरले होते, तेव्हा मला वाटलं सगळेच विसरले.

त्या गेटानं आमची गल्ली फिरवली. फिरवली म्हणजे खरोखर फिरवली. पूर्वी सगळ्या दुकानांची तोंडं बाजारचौकाकडे होती. मग तेलाच्या घाणीवाल्यानं मागची भिंत फोडून गेटाकडे दार काढलं आणि झेरॉक्सचं मशीन बसवलं. बांगड्यांच्या कासारानं काचेच्या कपाटात ड्रॉइंगच्या पेन्सिली मांडल्या. गोठ्यांच्या खोल्या झाल्या, खोल्यांत चार चार कॉट पडल्या. धान्यवाला पोहे विकायला लागला, मग नुसते पोहे न विकता करून विकायला लागला. एकेक करून सगळ्यांनी चौकाकडे पाठ केली. आज चौकातून आमच्या गल्लीत आलात तर आधी तुम्हाला पाण्याच्या टाक्या, नळाचे पाइप आणि दुकानांच्या पाठी दिसतील. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. गिऱ्हाईक जिकडून येतं तिकडे तोंड करून माणूस बसतो.

कॉलेज वाढत होतं. वखारीमागची वावरं एकेक करत घेत ते पार हायवेला जाऊन टेकलं. माझा मुलगा याच कॉलेजात शिकून कंपनीत लागला, तेव्हा ते वाढू नये असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? इमारती उठल्या, हॉस्टेल झालं, आत मेस झाली, वह्या-पेनांचं दुकान झालं. हायवेच्या अंगाला किल्ल्यासारखं नवं गेट बांधलं. मग एका उन्हाळ्यात पेंटर शिडी घेऊन आमच्या गल्लीत आला, गेटावरच्या नावाखाली ‘मागील प्रवेशद्वार’ असं लिहून चहा पिऊन गेला. इतकी वर्षं आम्ही कॉलेजच्या समोर राहत होतो, त्या दिवसापासून मागे राहायला लागलो. घर तेच, ओटा तोच. गेल्या दिवाळीपासून ते गेट फक्त सकाळी आठ ते दहा उघडं असतं. आणि यंदा शाळांना सुट्ट्या लागल्या तेव्हा त्यावर कागद चिकटला. मागील प्रवेशद्वार कायमस्वरूपी बंद करून तिथे भिंत घालण्याचा प्रस्ताव आहे, परिसरातल्या नागरिकांच्या हरकती ऐकण्यासाठी अमुक दिवशी बैठक आहे.

‘कायमस्वरूपी’ वाचल्यावर मला काहीतरी टोचलं. काय ते लगेच कळलं नाही.

कळलं ते बबनराव कॉलेजच्या ऑफिसात जाऊन आले तेव्हा. ते इथलेच, जुन्या घरातले, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. हातातला कागद फडफडवत दुकानात शिरले.

“वैनी, गेलतो हापिसात. त्ये म्हनत्यात, आमच्या मनानं न्हाई बंद करत, तुमच्याच गल्लीनं मागितलंय. ह्ये बगा, झेरॉक्स दिली. लई जुना अर्ज हाय.”

मी कागद हातात घेतला नाही. लांबूनच माझं अक्षर मला दिसलं, आणि खाली ती शेपटाची सही.

“कुनी केलाय?” बबनराव कागद नाकाशी धरून म्हणाले. “बाई हाय कोनतरी. पर सही वाचंल तर शपथ. गांडूळ सरपटल्यागत केलीय.”

“मेली कोण असेल ती,” मी म्हटलं. “हात झडला कसा नाही तिचा!”

“पर भाषा लई भारी हाय हां, वैनी. शिकल्याली असनार बाई.”

आता सांगायला नको, पण सांगते. सही ओळखली जाते की काय या धास्तीत होते, आणि तेवढ्यातही मला जरासं बरं वाटलं.

रूपालीनं तो कागद त्यांच्याकडून घेतला, नीट वाचला, घडी घालून मशीनच्या खणात ठेवला आणि पुन्हा काजं करायला बसली. अर्जाचं दुसरं पान, अंगठ्यांचं, बबनरावांना मिळालं नव्हतं. त्यांच्या आईचा अंगठा त्यावर आहे हे मला एकटीला माहीत होतं.

पुढचे तीन आठवडे कसे काढले ते माझं मला ठाऊक. गल्लीत दुसरा विषय नव्हता. टपरीवर, नळावर, दळणाला गेलं तरी तीच बाई. कुणी म्हणायचं, ती रावेतला फ्लॅट घेऊन गेली. कुणी म्हणायचं, मेली असेल, म्हणून सुटली. मी सगळ्यांच्या पुढे जाऊन तिला शिव्या घालत होते, आणि घालता घालता कळत होतं की यातली एकही शिवी खोटी नाही. झेरॉक्सवाल्यानं एक मशीन विकलं. समोरच्या खोल्यांवर ‘फक्त कॉलेजच्या मुलांसाठी’ अशी पाटी असायची, त्यातलं ‘फक्त’ खोडलं, मग ‘कॉलेजच्या’ खोडलं, मग पाटीच काढली. मला भीती गेट बंद व्हायची होतीच, पण तिच्या आत दुसरी एक भीती होती. गेट गेलं तर गल्ली वळून कुणाकडे बघणार? कांदा काही परत यायचा नाही. घाणी कुणाला चालवता येत नाही. कासाराच्या नातवाला बांगडी भरता येत नाही. चौकाकडची आमची दारं आम्हीच विटांनी चिणून टाकलेली.

आणि घरात हा तागा. कंपनीतला पगार मुलाचा, पण हे दुकान रूपालीचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. आता नुसत्या नजरेनं छाती-खांदा सांगते. ती खडूची रेघ ओढायची आणि पुसायची, आणि मी पोथी उघडून तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची.

बैठकीचा दिवस आला. बैठक दुपारी, हायवेकडच्या नव्या इमारतीत. गल्लीतलं गेट दहालाच बंद झालेलं, त्यामुळे दारासमोरच्या कॉलेजात जायला आम्ही दोघी रिक्षात बसलो, तळेगाव चौकातल्या कंटेनरांच्या रांगेत पाऊण तास अडकलो आणि गावाला वळसा घालून पोचलो. आत गारेगार हॉल, खुर्च्या अशा मऊ की बसलेल्या माणसाला उठून भांडावंसंच वाटू नये. गल्लीतली दहाबारा माणसं कडेकडेनं बसली होती. कॉलेजच्या एक मॅडम होत्या, पस्तिशीच्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं, मग म्हणाल्या, “ही मागणी मुळात परिसरातूनच आलेली आहे,” आणि अर्ज मोठ्यानं वाचायला लागल्या.

उनाड तरुणांचे लोंढे. झेरॉक्सवाला फिसकन हसला. माताभगिनी. मी फरशीकडे बघत होते, ती इतकी चकचकीत की तिच्यातही मीच दिसत होते.

बबनराव उठले. “मॅडम, ती बाई कोन तेवडं सांगा. मंग आमी बगतो तिच्याकडं.”

“सही वाचता येत नाही, काका. आणि तो मुद्दा नाहीये.”

रूपाली माझ्या कानाशी आली. “आई, तुम्ही उठताय की मी उठवू?”

“तुला कुणी सांगितलं?”

“तुमच्या ‘झ’नं. मापाच्या वहीत झब्बा लिहिता तेव्हा रोज बघते मी.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तुम्ही कधी बोलताय ते बघत होते.”

उठले. गुडघे कटकन वाजले ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं असणार. “तो अर्ज माझा आहे,” मी म्हटलं.

फक्त बबनराव म्हणाले, “वैनी?” तेवढंच. शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या.

“दुसऱ्या पानावर तुमच्या आईचा अंगठा आहे, बबनराव. रॉकेलसाठी आहे असं त्यांना वाटलं आणि मी वाटू दिलं. आणि ज्या शिट्टीवरून हे झालं ती तुमच्या चहासाठी होती.”

ते खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

मॅडम पेन सरसावून म्हणाल्या, “म्हणजे आजी, तुम्ही मागणी मागे घेताय?”

“घेते.”

“कारण काय लिहू?”

“लिहा, तेव्हा बाईला अक्कल नव्हती.”

“असं नाही हो लिहिता येत.”

“मग लिहा, आता आली.”

लोक हसले, मॅडमही हसल्या. मला वाटलं, जिंकले. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि त्यांचा आवाज खरोखर मऊ झाला. “आजी, एक सांगू? तुमचा अर्ज नसता तरी प्रस्ताव आलाच असता. भिंत नव्या आराखड्यात आधीपासून आहे. हॉस्टेलच्या मुली, गाड्यांची ये-जा, सगळं एकाच गेटानं ठेवायचंय. अर्ज जुन्या फाइलीत सापडला म्हणून जोडला. तुमचं म्हणणं मी समितीपुढे ठेवीन.”

“समिती कधी ठरवणार?”

“ॲडमिशन झाल्यावर.”

“मग कापड कधी कापायचं?” मी विचारलं. त्यांना अर्थातच काही कळलं नाही. रूपालीनं मान खाली घातली.

तीन आठवडे मी माझ्या पापाखाली वाकून चालत होते, आणि ते पाप नुसती पुरवणी निघालं. बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. पाप असतं तर काहीतरी करून फेडलं असतं. ती बत्तीस वर्षांची शहाणी समोर होती तोवर तिला बोल लावत होते, तिच्याशी भांडत होते. आता समोर एक आराखडा होता, आणि त्याच्याशी भांडायचं कसं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

बाहेर आल्यावर रूपाली रिक्षा बघायला लागली. मी म्हटलं, “पुन्हा तो वळसा नको. आतूनच जाऊ.”

“गेट बंद असेल, आई.”

“असू दे.”

इतकी वर्षं या कॉलेजसमोर काढली, पण ते आतून असं कधी बघितलं नव्हतं. पावसानं धुतलेले रस्ते, एकसारखी झाडं, इमारतींवर नावं. वखार कधीच पाडलेली, तरी मध्येच ओळखीचं काही दिसेल म्हणून मी तिची खूण शोधत होते. जिकडेतिकडे गाड्या लावल्या होत्या. वास घेतला. कसलाच नव्हता.

हॉस्टेलपाशी दोन मुली बाकावर बसल्या होत्या, गळ्यात ओळखपत्रं. माझा श्वास लागलेला बघून सरकल्या, जागा दिली. एक यवतमाळची, एक नांदेडची. येऊन आठ दिवस झाले होते.

“आजी, तुम्ही इथल्याच का?” नांदेडची म्हणाली. “इथं जवळपास काही आहे का हो?”

“काही म्हणजे?”

“म्हणजे... गाव वगैरे. दुकानं. माझ्या ड्रेसची चेन तुटलीय. बाहेर गेलं की नुसता हायवे. शेवटी फोनवरून नवा ड्रेस मागवला.”

“चेनसाठी ड्रेस?” रूपाली म्हणाली. तिला स्वतःला दुखल्यासारखं झालं. “चल, दाखव कुठला ड्रेस. अर्ध्या तासात बसवून देते. घेऊन ये.”

मुलगी पळत वर गेली, ड्रेस पिशवीत कोंबून आली, आणि आम्ही चौघी निघालो. मी पुढे. सगळ्यात मागच्या इमारतीला वळसा घातला आणि गेट आलं. मोठं कुलूप. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर वॉचमन, आणि त्याच्या पायाशी ताज्या विटांचे दोन ढीग.

गजांतून आमची गल्ली दिसत होती. या बाजूनं मी ती कधीच पाहिली नव्हती. केवढीशी होती! आमच्या दुकानाचं दार उघडं, आत टेबलावर निळं कापड. बबनराव कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आमच्या आधीच पोचले होते, स्टो पेटवत होते. त्यांनी मान वर करून बघितलं, पुन्हा खाली घातली. पण पातेल्यात पाणी वाढवलेलं मला दिसलं.

“हे इथंच होतं?” यवतमाळची म्हणाली.

“आजी, गेट दहाला बंद होतं,” वॉचमन म्हणाला. “मेन गेटनं जा. ऑर्डर नाही.”

“दादा, उघडा हो,” रूपाली म्हणाली. “यांनीच अर्ज करून बंद करायला लावलंय ते. निदान यांच्यासाठी तरी उघडा.”

पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. वॉचमनला हसू आवरेना, पण किल्लीला हात लावायची त्याची छाती नव्हती. त्यानं फोन काढून वर विचारलं. “साहेब, एक आजी आहेत गेटवर. नाही, आतून. बाहेर जायचंय म्हणतात. नाही नाही, व्हिजिटर नाहीत, इथंच राहतात. इथं म्हणजे... समोर.”

मग त्यानं फोन कानावरून खाली घेतला. “विचारून सांगतो म्हणाले.”

पाऊस भुरभुरायला लागला होता. आम्ही चौघी गजांना धरून उभ्या राहिलो.